जास्त पाणी पिणारी मांजर



पातूरच्या या स्मृती व्याख्यानासाठी मी विषय कळवला, तेव्हा आयोजकांपैकी एकानं अदबीनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, बैलांवर बोलले असते तर?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या वऱ्हाडात जनावरांचा डॉक्टर म्हणजे बैलाचा, म्हशीचा आणि बकरीचा डॉक्टर. सरकारचं मतही फारसं वेगळं नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरं, गाढवं आणि उंट मोजले. कुत्री मोजली, ससे मोजले, हत्तीसुद्धा मोजले. मांजरीसाठी रकानाच नव्हता. पातूर तालुक्यात हत्ती शोधत फिरणाऱ्या प्रगणकाच्या पायात किती मांजरी घोटाळल्या असतील, ते त्यालाच ठाऊक.

तरी मी विषय बदलला नाही. टोपलीत, पिशवीत, कधी टमाट्याच्या क्रेटमध्ये मांजर घेऊन येणारी माणसं आता सगळ्याच दवाखान्यांत दिसतात, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मांजरींचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. घराघरात कणग्या होत्या, अंगणात धान्याची पेवं होती, तेव्हा मांजर उंदरांसाठी पाळत. ती मधल्या मधे कुत्र्याच्या तोंडी जायची, गाडीखाली यायची, नाहीतर एखाद्या साथीत मरायची. म्हातारपण तिच्या वाट्याला क्वचितच येई. आता ती सोफ्यावर झोपते, तिला लस मिळते आणि ती चौदा-पंधरा वर्षं जगते. तिची किडनी मात्र तेवढं टिकेलच असं नाही. दहा वर्षांच्या पुढच्या मांजरींत साधारण तिघींपैकी एकीला किडनीचा आजार असतो, आणि पंधराच्या पुढं तर तो नसलेली सापडणं अवघड जातं.

मांजर मुळात वाळवंटाची. आपल्या घरातल्या मांजरीचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. तिथं पाणी पिऊन जगायची सोयच नव्हती. उंदराच्या अंगात सत्तर टक्के पाणी असतं, तेवढ्यावर तिचं भागायचं. एका उंदरातून तीसेक कॅलरी मिळतात आणि चार किलोच्या मांजरीला दिवसाला दोनशेच्या आसपास लागतात. म्हणजे दिवसभरात सात-आठ उंदीर, सात-आठ वेळा थोडं थोडं ओलं जेवण. एवढ्याशा पाण्यात शरीरातली घाण बाहेर टाकायची म्हणून तिची किडनी लघवी अतिशय घट्ट करते. माणसाला ते जमत नाही. आपण मात्र तिच्यासमोर कोरडी बिस्किटं ठेवतो, ज्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं, आणि शेजारी एक वाटी पाणी ठेवून निश्चिंत होतो.

तिच्या एकेका किडनीत जवळपास दोन लाख गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि जातात त्या गुपचूप. कापूस वेचायला दहा बाया यायच्या तिथं सहाच आल्या, तरी त्या सहाजणी कंबर मोडून संध्याकाळपर्यंत तेवढाच कापूस वजनाला आणून देतात, आणि काट्याकडे बघणाऱ्या मालकाला वाटतं की सगळं ठीक चाललंय. इथंही तसंच होतं. दोन-तृतीयांश गाळण्या गेल्या की लघवी घट्ट होणं थांबतं, आणि तीन-चतुर्थांश गेल्या की मगच रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागतं. रिपोर्टात आजार दिसतो तेव्हा तो जुना झालेला असतो.

मग आधी काय दिसतं? मांजर पाणी जास्त पिते. लघवी पातळ झाली की ती भरपूर होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला मांजर पिते. ही खूण आपल्याकडे बरोबर उलटी वाचली जाते. मला कितीतरी घरांत ऐकवलं गेलंय, "सायेब, जेवन कमी झालं पन पानी लय पेते बापा, म्हंजे बिमारी कायची?" पाणी पिणं म्हणजे तब्येत चांगली, हा आपला समज. मांजरीच्या बाबतीत तो सोडावा लागतो. जी मांजर आयुष्यभर वाटीकडे ढुंकूनही बघत नव्हती, ती नळाखाली तोंड लावायला लागली, बाथरूमच्या बादलीवर चढायला लागली किंवा उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं प्यायला लागली, तर तिला दवाखान्यात न्या. कूलरचं पाणी तसंही तिला पिऊ देऊ नका. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आपण त्यात काय काय टाकतो, ते आपल्याला आठवतंच.

दुसरी खूण वजनाची. अमेरिकेतल्या पाचशेहून अधिक मांजरींच्या नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं की निदान होण्याच्या तीन वर्षं आधीपासूनच त्यांचं वजन उतरायला लागलं होतं. आपल्या हाताला ते कळत नाही, कारण आपण तिला रोज उचलतो. महिन्यातून एकदा तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. कॅलेंडरवर जिथं दुधाचा हिशेब लिहिता, तिथंच हा आकडाही लिहा. गावातल्या मांजरी बाहेर मातीत जातात, त्यामुळं लघवी वाढली की नाही हे घरच्यांना कळायला मार्ग नसतो. म्हणून खेड्यात वजन हाच सगळ्यात भरवशाचा साक्षीदार.

आता एक गोष्ट खास आपल्या भागासाठी सांगतो. पूर्णेच्या काठानं अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा जातो, तिथलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं. पातूर डोंगराच्या बाजूला, त्यामुळं आपण त्यातून वाचलो, पण आपल्या लेकी-सुना, जावई, व्याही त्या पट्ट्यातले आहेत. तिथल्या गावांत किडनीचे रुग्ण किती, हे मला सांगायची गरज नाही. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा-तीनदा अकोल्याला जाणारं माणूस इथं बसलेल्या अनेकांच्या नात्यात असेल. म्हणून मांजरीच्या रिपोर्टावर किडनी हा शब्द आला की घरात आधीच एक पाठ केलेली यादी तयार असते. मीठ बंद, डाळ कमी, आणि पाणी मोजून. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं, कारण त्याची लघवी फार कमी झालेली असते, कधी बंद पडलेली असते. मांजरीचं नेमकं उलटं आहे. तिची लघवी थांबत नाही. तिचं पाणी तोडलं तर दोन दिवसांत ती कोरडी पडते आणि उरलेल्या गाळण्याही जातात. माणसाच्या फाइलमधला कागद मांजरीला लावू नका. आजच्या व्याख्यानातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. आणि हो, खाऱ्या पाण्यानं मांजरींची किडनी जाते असा निष्कर्षही काढू नका. लंडनच्या आणि टोकियोच्या गोड पाण्यावर वाढलेल्या मांजरींनाही हा आजार तितकाच होतो.

तपासणीसाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. अकोल्याला पशुवैद्यक व पशुविज्ञान स्नातकोत्तर संस्था आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतली. तिथपर्यंत जाणं जमत नसेल तर मांजरीचं रक्त माणसाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही तपासून मिळतं. छोट्या गावांत तसं सर्रास होतं आणि त्यात वावगं काही नाही. फक्त लॅबच्या कागदावर शेजारी जे 'नॉर्मल' आकडे छापलेले असतात, ते माणसाचे असतात. क्रिएटिनिन 1.5 आलं की यंत्र ते ठळक अक्षरात छापतं आणि घरात रडारड सुरू होते. जगभरचे पशुवैद्य मांजरीच्या या आजाराच्या चार पायऱ्या मानतात, आणि 1.6 च्या खालचा आकडा पहिल्या पायरीत बसतो. 1.6 ते 2.8 ही दुसरी, 5 पर्यंत तिसरी आणि त्याच्या वर चौथी. दुसऱ्या पायरीवरच्या मांजरी नीट सांभाळल्या तर वर्षानुवर्षं जगतात. आणि कोणत्याही पायरीवर मांजर जेवत नसताना, कोरडी पडलेली असताना घेतलेल्या एका रिपोर्टावर तिचं आयुष्य ठरवू नये. आधी पाणी भरावं, मग पुन्हा मोजावं.

रक्तदाबही मोजायला हवा. तो 160 च्या वर बराच काळ राहिला तर डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळी होते. लोक म्हणतात, "मोतीबिंदू झाला." मोतीबिंदू असा एका रात्रीत होत नाही. त्यावर औषध तेच आहे जे घरात आजोबांसाठी येतं, अ‍ॅम्लोडिपीन. पण मांजरीला साधारण 0.625 मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या गोळीचा चौथा हिस्सा, आणि तोही डॉक्टरांनी दाब मोजून सांगितल्यावरच.

आता खाण्याकडे येतो. या आजाराची खरी लढाई दवाखान्यात होत नाही, ती स्वयंपाकघरात होते. 2000 साली इंग्लंडमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पन्नास मांजरींचा. ज्यांनी किडनीसाठी बनवलेलं खाणं स्वीकारलं, त्यांच्या निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक 633 दिवस निघाला, आणि ज्यांनी ते स्वीकारलं नाही त्यांचा 264. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यात एक गोम आहे. दुसऱ्या गटात बऱ्याच अशा मांजरी होत्या ज्यांनी ते खाणं तोंडात घेतलंच नाही. मुळात जास्त आजारी होत्या म्हणून त्या खात नव्हत्या असंही असू शकतं. ही शंका 2006 साली अमेरिकेतल्या अभ्यासानं बरीचशी फेडली. तिथं 45 मांजरींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं आणि दोन वर्षं पाहिलं. साध्या खाण्यावरच्या सुमारे पाव हिस्सा मांजरींना या काळात किडनीचा जीवघेणा झटका आला. पथ्याच्या खाण्यावर एकीलाही आला नाही.

त्या खाण्यात असं काय असतं? बहुतेकांना वाटतं, मीठ कमी किंवा प्रथिनं कमी. प्रथिनं थोडी कमी असतात खरी, पण मुख्य गोष्ट आहे फॉस्फरस. थकलेली किडनी फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही. तो रक्तात साचतो, हाडांतलं कॅल्शियम ओढतो, किडनीच्या पेशींत जाऊन बसतो आणि उरलेल्या गाळण्या बुजवत जातो. म्हणून दुसऱ्या पायरीवर रक्तातला फॉस्फरस 4.6 च्या खाली आणि तिसऱ्या पायरीवर 5 च्या खाली ठेवायचा असतो. जनावरांसाठी आजारानुसार बनवलेल्या खाण्याचा इतिहासही किडनीपासूनच सुरू होतो. 1939 मध्ये एका अंध माणसाच्या वाटाड्या कुत्र्याची किडनी गेली, तेव्हा मार्क मॉरिस नावाच्या अमेरिकन पशुवैद्यानं त्याच्यासाठी वेगळं खाणं शिजवलं. ते काचेच्या बरण्यांत भरून पाठवलं जायचं आणि बरण्या वाटेत फुटायच्या. पुढं त्याचे डबे झाले, आणि आज बाजारात 'रीनल' असं लिहिलेली जी पाकिटं मिळतात, त्यांचं मूळ तिथं आहे.

ही पाकिटं अकोल्यात मिळतात, ऑनलाइन पातूरला घरपोच येतात, आणि महाग असतात. परवडत असतील तर घ्या, कारण घरी तेवढं मोजून-मापून करणं फार अवघड आहे. ज्यांना परवडत नाहीत, त्यांना मी हात हलवत परत पाठवत नाही. घरातही बरंच करता येतं. पहिल्यांदा आठवडी बाजारातले सुके झिंगे आणि सुकट बंद करायची. मांजरी त्यावर जीव टाकतात हे मला माहीत आहे. पण त्यात मीठही भरपूर आणि कवच-काट्यांचा फॉस्फरसही भरपूर. खाटकाकडून फुकट मिळतात म्हणून आणलेले कोंबडीचे पाय, मुंड्या आणि माना बंद. हाडं उकळून केलेलं पाणीही नको. कलेजी चाटण्यापुरती, औषधासारखी. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरींना पचतही नाही आणि त्यातही फॉस्फरस असतोच. सवयीचं असेल तर चमचाभर द्या, पण जेवण म्हणून देऊ नका.

मग उरतं काय? बिनहाडाचं कोंबडीचं मांस, पाण्यात शिजवून, शिजवलेलं पाणी फेकून. त्या पाण्याबरोबर काही फॉस्फरस निघून जातो. आणि अंड्याचा पांढरा भाग, शिजवलेला. शंभर ग्रॅम पांढऱ्यात फॉस्फरस जेमतेम पंधरा मिलिग्रॅम असतो, शंभर ग्रॅम पिवळ्यात चारशेच्या जवळ. अख्ख्या स्वयंपाकघरात एवढं चांगलं आणि एवढं स्वस्त प्रथिन मांजरीसाठी दुसरं नाही. पिवळा भाग नातवाला द्या. थोडा मऊ भात, थोडं तेल किंवा तूप कॅलरीसाठी. पण नुसत्या अशा घरच्या खाण्यावर मांजर महिनोन्‌महिने ठेवायची तर टॉरीन, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं वरून द्यावीच लागतात, आणि त्यांचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यायचं. टॉरीन नसेल तर मांजरीचे डोळे जातात, हे 1975 मध्ये कळलं, आणि हृदय फुगतं, हे 1987 मध्ये. भाजीच्या रश्श्यातला तुकडा धुऊन देऊ का, असं विचारणारेही असतात. देऊ नका. कांदा-लसणानं मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि किडनीच्या मांजरीला आधीच रक्त कमी असतं. आपला वऱ्हाडी रस्सा तर कांदा-लसणावरच उभा आहे.

इथं माळकरी घरं आहेत, जैन घरं आहेत. त्यांची अडचण खरी आहे. चुलीवर मांस चढणार नाही, आणि मांजर तर दारात आलेली, आता घरचीच झालेली. दूध-पोळीवर ती मोठी झाली असं वाटतं, पण खरं तर ती शेजारच्या घरी, नालीत, गोठ्यात आपलं बाकीचं मिळवत असते. म्हातारी झाली की तिचं फिरणं बंद होतं, आणि मग दूध-पोळीचं खरं रूप दिसतं. अशा घरांना मी पाकिटाचं खाणं घ्यायला सांगतो. ते बंद येतं, चुलीला लागत नाही. मांजर मांसाहारीच आहे, तिचं शरीर गाजरातून जीवनसत्त्व 'अ' बनवू शकत नाही, तिला गोडाची चवसुद्धा कळत नाही. तिला शाकाहारी करण्याचा आग्रह म्हणजे आपलं पुण्य तिच्या खात्यावर मिळवणं. मला हे परखडपणे सांगावं लागतं, कारण गोड बोलून सांगितलं की ऐकणारे मान डोलावतात आणि घरी जाऊन दूध-पोळी कुस्करतात.

एवढी यादी ऐकल्यावर घरी जाऊन तुम्ही जे कराल, त्याचीच मला भीती वाटते. आपल्या मनात पथ्य म्हणजे बंद करणं. वैद्यानं दहा गोष्टी बंद केल्या की रुग्णाला आणि घरच्यांना समाधान वाटतं. कोणी एखादी जास्तच बंद केली तर तो अधिक निष्ठावान. मांजरीच्या बाबतीत ही निष्ठा जीव घेते. मांजर उपास करू शकत नाही. माणूस निर्जळी एकादशी करतो आणि बारशीला पुरणावरणाचं जेवतो. मांजरीनं दोन-तीन दिवस अन्न घेतलं नाही तर तिच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, आणि मग किडनीच्या आधी यकृतच तिला नेतं. शिवाय खाणं नसलं की तिचे स्नायू झिजतात आणि त्या झिजेतूनही युरियाच तयार होतो. म्हणून माझा क्रम असा आहे. सगळ्यात आधी तिनं खाल्लं पाहिजे. काय खाल्लं, हा प्रश्न त्यानंतरचा. पथ्याचं खाणं तोंडात घेत नसेल तर नेहमीचं द्या. नेहमीचंही नको असेल आणि सुकटीचा वास दाखवल्यावर चार घास घेत असेल, तर त्या दिवशी सुकट चुरून द्या. हो, मघाशी मीच ती बंद करायला सांगितली. उपाशी मांजरीपुढं मी माझा नियम मोडतो.

नवं खाणं एकदम वाटीत ओतू नका. तीन-चार आठवडे घ्या, जुन्यात चिमूटभर नवं मिसळत जा. मांजरीला मळमळत असताना तर नवं काही सुरूच करू नका. त्या मळमळीचा संबंध ती कायमचा त्या खाण्याशी जोडते आणि पुन्हा त्याला शिवत नाही. वाटीजवळ जाऊन वास घेणं, ओठ चाटणं, मग मान फिरवून निघून जाणं, हे नखरे नव्हेत, ती मळमळ आहे. त्यावर औषधं आहेत, भूक वाढवणारी औषधंही आहेत, ती मागून घ्या. खाण्यात गोळी लपवू नका. एकदा फसली की ती त्या वाटीवरच विश्वास ठेवत नाही. खाणं कोमट करून द्या, वास उठतो. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. पसरट वाटी घ्या, म्हणजे मिशा कडेला घासत नाहीत. पाण्याच्या वाट्या घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्यापासून दूर. पाणी माठाचं चालेल, आमच्याकडच्या मे महिन्यात तर तेच बरं. आणि खाण्यातच दोन चमचे कोमट पाणी मिसळलं तर तिला कळायच्या आत तेवढं पाणी पोटात जातं. फॉस्फरस धरून ठेवणारी औषधंही खाण्याबरोबरच द्यावी लागतात, उपाशीपोटी ती निकामी. पोटॅशियम फार उतरलं तर मांजर मान वर उचलू शकत नाही, हनुवटी छातीला टेकवून बसते. ते दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काही काळानं डॉक्टर म्हणतात, आता घरी सलाईन द्यायला शिका. आणि अख्खं घर गारठतं. घाबरण्यासारखं त्यात फार थोडं आहे. शिरेत द्यायचं नसतं, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तिच्याखाली द्यायचं. रिंगर लॅक्टेट, साधारण शंभर मिली, रोज किंवा दिवसाआड, डॉक्टर सांगतील तसं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर गार सलाईननं मांजर उसळते. बाटली खुंटीला टांगायची, एकानं मांजर मांडीवर धरायची, दुसऱ्यानं सुई. दहा मिनिटांचं काम. पाठीवर बेडकाएवढा फुगा येतो, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. साखरेचं सलाईन कातडीखाली कधीही नाही. आणि श्वास जोरानं चालत असेल तर त्या दिवशी सलाईन थांबवून आधी फोन. हृदय कमजोर असेल तर जास्तीचं पाणी छातीत उतरतं. माझा अनुभव असा की घरातली सून किंवा आठवी-नववीतली मुलगी हे काम सगळ्यात लवकर शिकते. कर्ते पुरुष बाटली धरायला उभे राहतात आणि सूचना देतात.

औषधांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती गिधाडांपासून सुरू होते. तुमच्यातल्या वयस्करांना आठवत असेल, मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. काही जातींची संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. 2004 मध्ये कारण सापडलं. आपण लंगड्या बैलाला, सुजलेल्या कासेला जे डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचायचो, ते मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांच्या किडन्या बंद पाडत होतं. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. त्याच सुमारास गिधाडांना सुरक्षित औषध म्हणून मेलॉक्सिकॅम पुढं आलं, आणि गोठ्यांसाठी ते बरोबरच होतं. पण हेच मेलॉक्सिकॅम मांजरीला वारंवार दिलं तर तिची किडनी अचानक बंद पडून ती मरू शकते, असा ठळक इशारा 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बाटलीवर छापायला लावला. गिधाडाला वाचवणारं औषध मांजरीला मारू शकतं. युरोपात अगदी कमी मात्रेत ते मांजरींना देतात, पण रक्त तपासून, मापून. गोठ्यात बैलासाठी आणलेल्या बाटलीतलं थोडंसं मांजरीला लंगडते म्हणून टोचणं, हे आपल्या तालुक्यात होतं, आणि ते बंद झालं पाहिजे. तापाची पांढरी गोळी, पॅरासिटामॉल, तर मांजरीला मारायला एकच पुरते. ती पचवायची यंत्रणाच मांजरीच्या यकृतात नाही. लग्नातून आणलेल्या बुकेमधली मोठी लिलीसुद्धा घरात ठेवू नका. तिचा पराग अंगाला लागून चाटला तरी चांगल्या तरुण मांजरीची किडनी दोन-तीन दिवसांत जाते.

बरं करणारं औषध येईल का, हे नेहमी विचारलं जातं. जपानमध्ये तोरू मियाझाकी नावाचे संशोधक एआयएम या प्रथिनावर काम करताहेत. 2016 मध्ये त्यांनी दाखवलं की मांजरीच्या रक्तात हे प्रथिन असतं, पण ते वेळेवर सुटून किडनीतला कचरा साफ करायला जात नाही. 2021 मध्ये त्यांच्या संशोधनाला पैसा अपुरा पडतोय ही बातमी आली, आणि जपानभरच्या मांजरवाल्यांनी देणग्यांचा पाऊस पाडला. ते काम पुढं जावो. आज तुमच्या घरातल्या मांजरीसाठी मात्र तुमच्याजवळ अंड्याचा पांढरा भाग, पाण्याची वाटी आणि वजनाचा कागद एवढंच आहे.

शेवट कसा ओळखायचा, हेही सांगतो, कारण ते विचारायचा धीर लोकांना होत नाही. औषधं देऊनही ती दिवसामागून दिवस खात नाही, अंग चाटणं सोडते, तोंडाला लघवीसारखा वास येतो आणि हिरड्यांवर फोड येतात, पलंगाखालच्या कोपऱ्यातून बाहेरच येत नाही. तेव्हा सलाईनची पुढची बाटली तिच्यासाठी नसते, आपल्यासाठी असते. त्या वेळी डॉक्टरांनी तिला शांतपणे झोपवणं यात मला पाप दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त वेदना कमी करणारी औषधं शेवटपर्यंत थांबवू नका, एवढी विनंती करतो.

आता एक मागणी. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात क्रिएटिनिनचं यंत्र येईल तेव्हा येईल. पण लघवी किती घट्ट आहे हे एका थेंबात सांगणारं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, काही हजार रुपयांत मिळतं. त्याला वीज लागत नाही. वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा व्यापारी फळाची गोडी मोजायला जे डोळ्याला लावतो, त्याच तत्त्वावर ते चालतं, आकडे मात्र वेगळे असतात. मांजरीची लघवी 1.035 च्या वर असेल तर किडनी अजून आपलं काम करतेय असं समजायला हरकत नाही. त्याखाली वारंवार येत असेल तर रक्त बिघडायच्या कितीतरी आधी आपल्याला सावध होता येतं. दवाखान्यासाठी असं एक यंत्र लोकवर्गणीतून घ्यावं, असं मी आयोजकांना सुचवलं आहे, आणि माझी वर्गणी त्यांच्याकडे दिली आहे. माझं स्वतःचं यंत्र आज सोबत आणलंय. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना बघायचं असेल त्यांनी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला यावं. घरून नमुना आणला असेल तर उत्तमच, फक्त डबीचं झाकण घट्ट लावलेलं असू द्या.